मिठाच्या गोणीतले संगणक

आमच्या शाळेत संगणक आले त्या दिवशी त्यांना हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचे हार पडले, पुढ्यात नारळ फुटला. मग फोटो निघाला आणि खोलीला कुलूप लागलं. मुलांचा हात तेवढा लागायचा राहिला. तो पुढे दीड वर्षाहून जास्त काळ लागला नाही.

हे मी रागाने लिहितो आहे, ते आधीच सांगून टाकतो. वय झालं की माणसाने निवळावं असं घरचे म्हणतात. मी निवळलेलो नाही आणि मला निवळायचंही नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरतं नाही. परीक्षेच्या आधी बापाने रापणीचं जाळं ओढायला नेलं, ते नेलंच. पण मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिनं बसायला लागली तेव्हा आमच्या वाडीत इंजिन उघडून पुन्हा जोडणारा पहिला माणूस मी. मला ते शिकवलं गोव्याच्या एका उस्तादाने. आम्ही त्याला पात्रांव म्हणायचो, मालकाला म्हणतात तसं. तो बोलायचा कमी. पहिल्याच दिवशी त्याने इंजिनाचा पंप माझ्यापुढे ठेवला आणि हातात पाना दिला. मी म्हटलं, मोडेल. तो म्हणाला, "मोडूं दी. मोडल्याबगर तुका कळचें ना." मोडला. दोन दिवस शिव्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी तोच पंप मी चालू केला. मला जे काही येतं ते सगळं असं हाताने आलेलं आहे. म्हणून शिकणाऱ्याच्या हातापुढे कुलूप लावणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

शतक उलटून चार-पाच वर्षं झाली होती. गावच्या मुंबईकर मंडळींनी हायस्कूलला सहा संगणक दिले. मी शाळेच्या समितीवर होतो. मला का घेतलं ते मला ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या वाडीतला एक माणूस कागदावर दिसायला हवा होता, आणि चौथी शिकलेला म्हातारा सभेत तोंड उघडणार नाही असा सगळ्यांचा अंदाज होता. तो चुकला, पण जरा उशिराच चुकला. नारळ फुटला तेव्हा मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

माझी नात तेव्हा आठवीत होती, जूनमध्ये नववीत गेली. एकदा दुपारची मी पडवीत जाळ्याची फाट शिवत बसलो होतो. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडी घालून बसलेली, पुढ्यात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेनाने चौकोन काढलेले, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर. डोळे मिटून ती त्या चौकोनांवर बोटं आपटत होती.

"काय करतंस गो?"

"टायपिंग."

"कसला टायपिंग?"

"संगणकाचा. सरांनी फळ्यार काढल्यानी, ता मी पुठ्ठ्यार काढलंय."

"आणि खरो संगणक खंय गेलो?"

"खोलयेत आसा."

"मगे खोलयेत जावन कर."

"खोलयेक कुलूप आसा, आजोबा. तुमका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. समितीवरचा माणूस मी, आणि मला माहीत नव्हतं. तिने वही आणून दाखवली. वहीत प्रश्न आणि उत्तरं. संगणकाचे मुख्य भाग किती व कोणते. माऊस कसा धरावा: माऊस उजव्या हाताच्या तळव्यात हलकेच धरावा व तर्जनीने बटण दाबावे. ह्या उत्तराला तिला दोनपैकी दोन गुण होते. माऊस तिने धरलेला नव्हता, पाहिला होता तोही उद्घाटनाच्या दिवशी, हाराखाली.

मी आधी हसलो. मग हसायचा थांबलो, कारण त्या पोरीच्या बाबतीत हा हसण्याचा विषय नव्हता. आमच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीने एक संगणक घेतला होता, डिझेलच्या पावत्या आणि होड्यांची कागदपत्रं करायला. चालवणारं कोणी नव्हतं. सेक्रेटरी माझ्यादेखत नातीला म्हणाला होता, "दहावी पास हो, ह्यां मशीन चलवूक शीक, मगे ही खुर्ची तुझी." आणि माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणत होता की दहावी झाली की मावशीबरोबर काजूच्या फॅक्टरीत जाऊ दे, कामाची सवय होईल. त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही, फॅक्टरीत आमच्याच घरच्या बायका जातात. पण पोरीला ती खुर्ची हवी होती. तिच्याकडे अजून दीड वर्ष होतं आणि शिकायला पुठ्ठा होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाहेरगावचे, बोलायला गोड. ऑफिसात आम्ही मालवणी बोलत नाही, पुस्तकातलं मराठी बोलतो, आणि रागात ते अडखळतं हे मला माहीत असल्यामुळे मी सुरुवातीलाच मुद्द्यावर आलो.

"या आजोबा, बसा."

"बसतो. ती खोली उघडा."

ते हसले. "अहो, त्या यंत्रांना धूळ चालत नाही, खारी हवा चालत नाही. विजेचा भरवसा नाही. एक जरी बिघडलं तर उत्तर मला द्यावं लागतं. साठा रजिस्टरात नोंद आहे त्यांची."

"मग मुलं शिकणार कशी?"

"शिकवतोच आहे ना. ह्या सत्राचा सगळा भाग शिकवून झालाय."

"पुठ्ठ्यावर."

मग त्यांनी आवाज खाली आणला, घरच्या माणसाला सांगावं तसा. "तुम्हाला म्हणून सांगतो. तुमच्या वाडीतली पोरं सकाळी रापण ओढून तशीच शाळेत येतात. हाताला मासळीचं तेल, खार. त्या हातांनी ती बटणं दाबली तर महिन्याभरात सगळं संपेल."

मी माझे दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "सर, रविवारी तुमच्या घरी बांगडे येतात ते ह्याच हातांतून येतात. ते तुम्ही धुऊन खाता ना? पोरांचे हातही धुता येतात. साबण आमच्या वाडीतल्या दुकानातही मिळतो."

ते म्हणाले, विषय समितीपुढे ठेवू. विषय ठेवला गेला नाही. दोन सभा झाल्या, एकीत छप्पर आणि दुसरीत स्नेहसंमेलन. मी दोन्ही वेळा उठून विचारलं आणि दोन्ही वेळा वेळ संपली होती.

मधे तपासणीला साहेब आले. त्या दिवशी खोली उघडली. शाळेच्या शिपायाचा मुलगा आणि सरपंचांची पुतणी अशी दोघं स्वच्छ कपडे घालून, हात मांडीवर ठेवायला सांगून, संगणकापुढे बसवली, बाकीची मुलं खिडकीला. साहेब गेले आणि कुलूप पुन्हा लागलं. नात घरी आली तेव्हा मी विचारलं, "चालू झालेलो बघलंस? कसो दिसता?"

"निळो," ती म्हणाली आणि पुठ्ठा घेऊन बसली.

आता माझ्या चुकीचं सांगतो. ती मी लपवणार नाही, आणि लपवली तर पुढचं कळायचंही नाही.

मे महिन्यात समितीची सभा झाली. पावसाळा जवळ आलेला, संगणकाच्या खोलीची कौलं जुनी. मुख्याध्यापक म्हणाले, "चार महिने ही यंत्रं नीट राहायला हवीत. इथे यंत्रांतलं कळणारे एकच आहेत." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. वर्षभर माझं बोलणं ज्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं ते सगळे पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फुगलो. खोली उघडा म्हणायला उठणारा मी, त्या दिवशी उठून म्हणालो, "माझ्यावर सोडा. इंजिन ठेवतो तसे ठेवू."

जून लागला की आम्ही होड्या वर ओढतो आणि माडाच्या चुडताच्या झापांनी शाकारतो. इंजिन उतरवून तेल चोपडतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, वरून गोणपाट, आणि घट्ट बांधून माळ्यावर टाकतो. नारळी पौर्णिमेला सोडलं की एका झटक्यात चालू होतं. माझं एक इंजिन सोळा पावसाळे असं राहिलं. त्यात माझी चूक काढणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता.

घरून मी गोणपाटं नेली. आमच्याकडे मासे खारवायला मीठ येतं, त्याच्या रिकाम्या गोणी. प्रत्येक संगणकाच्या मागच्या पिना मी स्वतः मशीनच्या तेलाने पुसल्या. मग गोणपाट गुंडाळलं, धक्का लागू नये म्हणून इथे ते प्लास्टिकच्या आतून. त्यावर प्लास्टिक, आणि ते जाळ्याच्या दोरीने असं आवळलं की वाराही शिरू नये. सहाही फळीवर चढवले. नात दारात उभी राहून बघत होती.

"तुमी खोली उघडूक सांगी होतास ना, आजोबा?"

"पावसात वायच गप रवांदेत. नारळी पुनवेक उघडूया."

"आणि तवसर?"

मोठ्या माणसांच्या कामात मुलांनी मधे बोलू नये असं काहीतरी पुटपुटलो असेन. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो, आणि मला स्वतःचा राग क्वचित येतो.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी समितीसमोर गाठी सोडल्या. पहिली गोणी उघडली आणि वास आला, खाऱ्या मासळीचा आणि बुरशीचा. मिठाची गोणी पावसात पाणी ओढते हे आमच्या घरातली कुठलीही बाई सांगेल. इंजिनाला त्याचं काही नसतं, त्याच्यावर बोटभर ग्रीस असतं आणि गोणपाट प्लास्टिकच्या बाहेर असतं. इथे मी ओल प्लास्टिकच्या आत बांधून ठेवली होती, तीन महिने. पिनांवर हिरवा कळंक चढला होता. एका डब्यात मुंग्यांनी अंडी घातली होती. पडद्यांच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके.

नात तेव्हा दहावीत. मधल्या सुट्टीत ती येऊन बघून गेली. घरी गेल्यावर तिने भिंतीवरचं चालू कॅलेंडर काढलं, वर्ष संपायच्या आधीच, आणि त्याच्या पाठीवर पुन्हा चौकोन काढायला बसली. जुन्या पुठ्ठ्यावरची अक्षरं घासून पुसली गेली होती. माझा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तरी तिका फॅक्टरीत जावंदे, बाबा. उगाच आशा लावन ठेवल्यात." मी त्याला शिवी दिली. खरं तर ती त्याच्यासाठी नव्हती.

कुडाळहून मेकॅनिक बोलावला. एसटीतून बाविशीची एक मुलगी उतरली, खांद्याला पिशवी. मुख्याध्यापक तिच्या पाठीमागे बघत राहिले आणि म्हणाले, "मेकॅनिक कुठे आहेत?" ती म्हणाली, "मीच. खोली कुठे आहे?"

तिने एकेक डबा उघडला. मी बाजूला उभा. बोटाने पिन पुसून तिने वास घेतला.

"ह्यां तेल कोणी लायल्यान?"

"मी."

"कित्याक?"

"इंजिनाक लायतंव, म्हणान."

ती हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजोबा, सीझनात होडी चार दिवस धक्क्याक रवली तरी तुमी इंजिन चालू करतास ना?"

"करतंव."

"कित्याक?"

"नायतर आतून गंजान धरता."

"मगे ह्यांचा पण तसांच. रोज तासभर चालवल्यात असतां तर आतल्या ऊबेनच ओल सुकली असती. पावसातसुद्धा. बांधून ठेवूची वस्तू नाय ती."

म्हणजे ते मला माहीत होतं. मला ते तिच्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. चालतं इंजिन खाऱ्या हवेत टिकतं आणि पडून राहिलेलं मरतं, हे मी पन्नास माणसांना सांगितलं असेल. आणि चारचौघांनी मान दिला म्हणून मी ते विसरलो.

सहापैकी दोन चालू झाले. चार गेले. आणि मुख्याध्यापक काय म्हणाले ऐका. म्हणाले, "बघितलंत? किती नाजूक वस्तू आहे. म्हणूनच मी मुलांना हात लावू देत नव्हतो."

मी म्हटलं, "सर, त्यांना एका तरी मुलाचा हात लागला होता का? हात लागला तो माझा एकट्याचा, आणि तोही बांधायला."

ह्यावर ते रजिस्टर घेऊन आले. चार संगणक बाद करायचे तर कारण लिहावं लागतं आणि समितीच्या सह्या लागतात. कारण त्यांनी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं: अतिवृष्टीमुळे छपरातून पाणी झिरपून चार संगणक निकामी झाले.

"सही करा, आजोबा. तुमचं नाव येत नाही, माझं येत नाही. पावसाला कोण जाब विचारणार?"

मी पेन हातात घेतलं. खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट मला ते वाक्य आवडलं. ह्या माणसाच्या हाताखाली इंजिन मेलेलं नाही असं वाडीत माझं नाव होतं, आणि पावसाने ते राखलं असतं. पण मग मला दिसलं की ह्या वाक्याने पुढच्या मे महिन्यात काय होईल. उरलेले दोनही पावसाच्या भीतीने कुलपात जातील, आणि माझ्या नातीची दहावी तोवर संपलेली असेल.

मी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहायला लागलो. मला लिहायला वेळ लागतो. खोलीत सगळे उभे राहून माझी वेडीवाकडी अक्षरं बघत होते आणि मला घाम फुटला होता. मी लिहिलं: चार संगणक माझ्या सांगण्यावरून मिठाच्या गोणीत बांधून ठेवले म्हणून खराब झाले. पावसाचा दोष नाही. मग पुढची ओळ सुरू केली. त्याआधी, एवढा एक शब्द लिहिला आणि मुख्याध्यापकांनी माझं मनगट धरलं.

"त्याआधी काय लिहिताय?"

"त्याआधी ते सव्वा वर्ष कुलपात होते."

"आजोबा, एवढं नको." त्यांचा आवाज खरंच बदलला होता. "माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

ते वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला पाहिजे. बाकं, नकाशे, फूटबॉल, सगळं त्यांनी जपलं होतं, शाळेतली एक खुर्ची त्यांच्या काळात हरवली नाही. पण फूटबॉलमध्येही हवा भरलेली मी कधी पाहिली नाही.

मी म्हटलं, "ठीक. रजिस्टरात लिहीत नाही. उद्यापासून खोली उघडी. किल्ली दहावीच्या वर्गात. आणि ही कुडाळची मुलगी दर शनिवारी येणार."

"आणि मुलांचे हात?"

"हात मी बघतो."

त्यांनी मान हलवली. मी तो शब्द खोडला आणि सही केली.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीच्या दाराशी बादली आणि साबण घेऊन बसायला लागलो. तळवे उलटे-सुलटे करून बघायचो आणि मग आत सोडायचो. मुख्याध्यापकांचा स्वतःचा हातही मी एकदा परत पाठवला, खडूने भरला होता. मुलं खूश झाली.

नात पहिल्यांदा खऱ्या बटणांपुढे बसली तेव्हा मी दारातून बघत होतो. तिने आपलं नाव लिहायला घेतलं आणि पहिलंच अक्षर पडद्यावर ओळभर पसरलं. ती घाबरून मागे सरली. पुठ्ठ्यावर बोट दाबलेलं राहिलं तर काही होत नाही. खऱ्या बटणावर बोट ठेवून लगेच उचलावं लागतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. दीड वर्ष ती मन लावून चुकीची सवय करत होती. ती सवय मोडायला तिला दिवाळीपर्यंत वेळ लागला. दोनदोन गुण मिळालेल्या त्या सगळ्या उत्तरांचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढा कुलपाचाही आला नव्हता.

कुडाळची मुलगी शिकवायची मात्र पात्रांवासारखी. मेलेला एक डबा तिने मुलांपुढे टाकला आणि प्रत्येकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "खोला. जोडूक जमला नाय तरी चलात." अर्ज कसा लिहायचा, रकाने कसे पाडायचे, छापताना कागद अडकला तर कुठून ओढायचा, असलं शिकवायची. कोणी विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत येणार?" तर म्हणायची, "नाय. म्हणानच शिका."

नात दहावी झाली. सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला पुढ्यात बसवून तीन पावत्या आणि एक अर्ज करायला लावला. छापताना कागद अडकला. तिने बाजूचं झाकण उघडून तो ओढून काढला, सेक्रेटरी तोवर घाबरून वायर काढायला निघाला होता. खुर्ची तिला मिळाली. माझा मुलगा आता सगळ्यांना सांगतो की पहिल्यापासून त्याचीच इच्छा होती. सांगू दे.

इथे मी थांबलो असतो. पण वर्षभराने एक दिवस मी डिझेलच्या पावतीसाठी सोसायटीत बाकावर बसलो होतो आणि मुख्याध्यापक आले. निवृत्तीला थोडे महिने उरलेले. शाळेचं छापायचं यंत्र बंद होतं, म्हणून अहवाल टाईप करून घ्यायला आले. आपल्या शाळेची मुलगी खुर्चीवर बघून त्यांना खरोखर आनंद झाला. माझ्याकडे बघून हसलेही.

नात टाईप करत होती. बाग, मैदान, वाचनालय. मग तिची बोटं थांबली.

"सर, हे वाक्य."

"कुठलं?"

तिने वाचलं. "संगणक कक्ष सुरू झाल्यापासून शाळेतील सर्व विद्यार्थ्यांना नियमित प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्यात आले."

"हो. मग?"

"मी आठवीत होते तेव्हा सुरू झाला. दहावीत गणपती झाल्यावर माझा पहिला हात लागला. आणि मधल्या वर्षी दहावीची एक अख्खी तुकडी बाहेर पडली. त्यातल्या कोणाचाच लागला नाही."

"अगं, अहवालाची भाषा अशीच असते. तू टाईप कर."

"करते. 'दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरपासून' असं करू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिलेला होता आणि तो मी पाळला. नातही माझ्याकडे बघत होती. "आजोबा?" ती म्हणाली.

"माका विचारू नको. बटणार हात तुझे आसत."

तिने पुढचा अहवाल टाईप करून संपवला. मग छापायच्या यंत्रातून कागद काढून, तेवढ्या वाक्याची जागा कोरी ठेवलेला, तिने त्यांच्या हातात दिला. "सर, तेवढं पेनाने लिहा. तुमचं अक्षर छान आहे."

मुख्याध्यापकांनी कागदाची घडी केली आणि मालवणची एसटी धरली. तिथे पैसे दिले की कोणीही काहीही टाईप करून देतो. अहवाल पूर्ण गेला असणार आणि कुठल्यातरी कपाटात असणार, आणि त्यात लिहिलेलं असणार की आमच्या सगळ्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवलं. त्या मधल्या तुकडीतल्या पाच मुली आज काजूच्या फॅक्टरीत बसतात. त्यांनी खुर्ची मागितली असती तर मिळाली असतीच असं मी म्हणत नाही. मागायला लागतं ते त्यांच्या हातात कोणी दिलंच नाही, आणि वर कागदावर मात्र दिलं असं लिहिलं.

रजिस्टरात लिहिणार नाही असा शब्द मी दिला होता, आणि रजिस्टरात लिहिलं नाही. कुलपाबद्दल तिथे 'त्याआधी' हा एकच शब्द आहे, खोडलेला. दुसरीकडे कुठे लिहिणार नाही असं मी कोणाला कबूल केलेलं नव्हतं. तेव्हा हे घ्या: त्याआधी ते सव्वा वर्ष कुलपात होते.